पूर्ण नऊ दिवस, अळणी

२२ मार्च, शनिवार. दुपारी ४.
नवी डायरी. निवृत्तीनंतरची सहावी. आधीच्या पाचही फेब्रुवारी उजाडायच्या आत बंद पडल्या. ही मार्चातच सुरू केली, म्हणजे तो धोका टळला.
सूनबाई ऋतिका आज धारहून अनन्याला घेऊन आली आणि चहासुद्धा न घेता बडोद्याला गेली. तिच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. आमच्या संग्रामच्या, तिच्या नवऱ्याच्या, पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टा. त्यामुळे तीन आठवडे नात आमच्याकडे, देवासला. पंधरा वर्षांची पोर. जानेवारीत सहा दिवस झोपली नाही, अखंड बोलत होती, आपले सगळे कपडे वर्गातल्या मुलींना वाटून आली. मग इंदूरला बारा दिवस हॉस्पिटल. ते दिवस आठवायचे नाहीत असं ठरवलं आहे. आता लिथियम नावाच्या गोळ्या चालू आहेत. पोर जेवते, झोपते, हसते.
सूनबाईने गोळ्यांची डबी दिली आणि एक कागद फ्रीजवर लावून दिला. कागद हिंदीत. सकाळी एक, रात्री एक. पानी भरपूर. नमक रोज़ जितना खाती है उतना ही, न कम न ज़्यादा. बिना पूछे दर्द की कोई गोली नहीं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, चाल डगमगली किंवा जीभ जड झाली, तर पुढची गोळी न देता सरळ इंदूर. २ एप्रिलला रक्ततपासणी.
दोनदा बजावून गेली की आबासाहेब, ह्या गोळीत औषध आणि विष ह्यांच्यामधलं अंतर फार थोडं असतं. मी म्हणालो, सूनबाई, चौतीस वर्षं नापतौल खात्यात वजनमापांचा निरीक्षक होतो, थोड्या अंतरावरच आपली भाकरी होती. ती हसली नाही. बडोद्याची गाडी चुकेल म्हणून घाईत असेल.

२३ मार्च, रविवार. सकाळी ८.१०.
गोळी बरोबर आठ वाजता दिली. घड्याळ रेडिओशी मिळवून घेतलं आहे. रोज सही-शिक्क्यानिशी तक्ता भरायचा.
सोनारकाट्यावर दहा गोळ्या तोलून पाहिल्या. सगळ्या सारख्या नाहीत! फरक केसाएवढा, पण आहे. कंपनीला पत्र लिहायचं. (मसुदा उद्या.)
अनन्या काट्याशी बसून होती. म्हणाली, आबासाहेब, तुमची मशीन तर एकदम सही आहे, माझं डोकं पण तोलून द्या ना. मी तिला नालछा गावच्या हाटातली गोष्ट सांगितली, तराजूच्या पारड्याखाली मेण लावलेलं मी कसं धरलं ती. चौथ्यांदा सांगितली म्हणे. तरी हसली. ह्या हसण्यासाठी माणूस काहीही करेल.

२५ मार्च, मंगळवार.
आज सौ.ला (म्हणजे उमाबाईंना, डायरीत सौ.) नवसाचं सांगितलं. जानेवारीत, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून देवासच्या टेकडीवरच्या मोठ्या मातेला बोललो होतो: पोर बरी होऊ दे, चैत्रातले नऊ दिवस ती अळणी उपवास करेल, रोज अनवाणी टेकडी चढेल, दर्शनाआधी पाण्याचा थेंब घेणार नाही. सोबत मीही.
सौ. म्हणाली, बोललात तुम्ही, फेडायचं पोरीने का? शिवाय कागदावर मिठाचं लिहिलंय.
तिला नीट समजावलं. अकरा वर्षांपूर्वी माझं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर स्वतः म्हणाला होता, मीठ कमी करा. केलं. आज मी खणखणीत. म्हणजे मीठ हे मुळातच वाईट. कागदावर ‘न ज़्यादा’ लिहिलं आहे ते महत्त्वाचं. ‘न कम’ हे कारकुनी सवयीने येतं, सरकारी कागदात असले जोडशब्द मी शेकड्याने पाहिले.
सौ. म्हणाली, इंदूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारा तरी. करणार आहे. उद्या.

२६ मार्च.
फोन लावला. दोन रिंगा वाजल्या. मोठ्या डॉक्टरांना असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी त्रास देणं बरं नव्हे म्हणून ठेवला.

२९ मार्च, शनिवार. अमावास्या.
अनन्याला विचारलं. जबरदस्ती आपल्या घरात नाही. ती म्हणाली, आबासाहेब, तुम्ही बोलला होता ना मातेला, मग मी करेन, पक्का. हॉस्पिटलमध्ये तुम्ही रोज बाहेर बसलेले दिसायचे मला खिडकीतून.
डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.
तयारी पूर्ण. सैंधव चालतं म्हणे उपवासाला. ती पळवाट आहे, बंद. मीठ आणि सैंधव मोठ्या बरणीत, लोणचं आणि शेव डब्यात घालून फडताळात ठेवलं, नोकरीतली तार आणि शिशाचं सील काढलं आणि दोन्ही झाकणांवर पक्कडीने पक्कं दाबलं. तारीख घातली. सौ. कपाळाला हात लावून बघत होती. तीही नऊ दिवस उपवास करणार, तेव्हा तिची काही अडचण नाही.
फ्रीजवरचा कागद काढून फायलीत लावला. त्या जागी माझा तक्ता. जास्त नीटनेटका दिसतो.
एक गंभीर बाब. कॅलेंडरात बघितलं तर ह्या वर्षी तृतीयेचा क्षय. नवरात्र आठच दिवसांची! रामनवमीला सगळं जग पारणं करून मोकळं होईल, नऊच्या नावावर आठ देऊन. आपल्याकडून देवीला कमी माप जाणार नाही. सोमवारी, ७ तारखेला, नववा दिवस पुरा करायचा.

३० मार्च. पाडवा. पहिला दिवस.
गुढी उभारली. कडुनिंबाच्या चटणीतही मीठ नाही. पहाटे साडेपाचला टेकडी. अनन्या माझ्या पुढे पळत होती, वर जाऊन भियालोकांच्या (इथल्या पोरांच्या) गर्दीत हात हलवत उभी. मला सतरा ठिकाणी बसावं लागलं. (निरीक्षण करत होतो.)
दिवसभर फळं, दूध, अळणी साबुदाणा. तोलून १२० ग्रॅम.

३१ मार्च. दुसरा दिवस.
माझा उपवास आज तूर्त स्थगित. टेकडीखाली एकाने गरम कचोरीची कढई उतरवली आणि मला अचानक शंका आली की बीपी खाली गेलं असावं. दोन कचोऱ्या घेतल्या, औषध म्हणून. नवस मूळ पोरीचा आहे, माझं सोबत करणं ऐच्छिक होतं. घरी सांगितलं नाही. उगाच तिचा धीर खचायचा.
गोळ्या वेळेवर; सकाळच्या गोळीपुरतं घोटभर पाणी नवसाबाहेर धरलं आहे. तक्त्यात दोन्ही सह्या.

१ एप्रिल. तिसरा दिवस.
ऊन भयंकर. दगडी पायऱ्या दहालाच तापतात. आज रांग लांब होती, दर्शनाला साडेअकरा झाले. अनन्याचे ओठ सुकले होते. पाणी मागितलं नाही. मी आधीच सांगितलं होतं, मागायचं नाही.
घरी येऊन तीन तांबे पाणी प्यायली, पुन्हा तहान तहान. ‘पानी भरपूर’ हा कागदातला मुद्दा आपोआप पाळला जातो आहे.

२ एप्रिल, बुधवार. चौथा दिवस.
आज रक्ततपासणी होती. पुढे ढकलली. नवरात्रात व्रतस्थ मुलीचं रक्त सुईने काढणं मनाला पटेना. आणि निकाल काय येणार? गोळी कंपनीची, वेळ माझी, तक्त्यावर सही माझी. जे बरोबर तोलून दिलं ते बरोबरच असणार. ८ तारखेला जाऊ, पारणं झाल्यावर.
सूनबाईचा फोन. तपासणी झाली का? मी म्हणालो, व्यवस्था चालू आहे. हे खोटं नाही. आठ तारखेची व्यवस्था चालूच आहे. उपवासाचं बोललो नाही. तिची आई अजून पलंगावर, तिच्या डोक्याला आणखी घोर कशाला.

३ एप्रिल. पाचवा दिवस.
अनन्याचा हात किंचित थरथरतो. दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरते. सौ.ने मला डोळ्याने खुणावलं. मी सांगितलं, शरीरातली अशुद्धी निघते आहे, चौथ्या-पाचव्या दिवशी असं होतंच. कुठे वाचलं ते आठवत नाही, पण वाचलं आहे.
तिने मराठी अक्षर सुधारायला घेतलं होतं, रोज एक ओळ. आजची ओळ ओढ्यासारखी वाकडी. उद्यापासून जास्त सराव.

४ एप्रिल. सहावा दिवस. दुपारी ३.
सकाळपासून डोकं धरून बसली होती. माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांतली एक दिली. कागदात ‘दर्द की कोई गोली नहीं’ असं आहे, पण ते बाजारातल्या वाट्टेल त्या गोळ्यांबद्दल असणार. ही मी स्वतः चार वर्षं घेतो, मला काही झालं नाही. तासाभरात डोकं थांबलं. संध्याकाळी आणखी एक देईन.
गोळ्यांची नवी पट्टी आणायला कोपऱ्यावरच्या चिंतामणीच्या मेडिकलवर गेलो. सहज बोलताना अनन्याचा विषय निघाला. तर तो एकदम गल्ल्यावरून उठून उभा. म्हणतो, काकासाहेब, लिथियमवाल्या मुलीला ही देता? उपवास? या उन्हात? अरे भिया, आज के आज खून का लेवल करवा लो, मी गाडी काढतो. आवाज इतका मोठा की दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.
मला हे आवडलं नाही. काल-परवापर्यंत हाफ पँटमध्ये माझ्याकडे तराजूचं लायसन्स मागायला येणारा पोरगा. थंडपणे सांगितलं, विचार करतो. पट्टी न घेताच आलो. घरात सात शिल्लक आहेत.
त्याच्याकडे पुन्हा जाणं नाही. कानाला खडा.

५ एप्रिल. अष्टमी. सातवा दिवस.
जुलाब, चार वेळा. सौ. म्हणते लिहा, लिहितो. साबुदाणा जुना असावा. दुकानदाराचं नाव टिपून ठेवलं आहे, सोडणार नाही.
दुपारी एक उलटी. तरी गोळी चुकवली नाही. उलटीत गोळी गेली असेल का, हा प्रश्न पडला. कमी पडायला नको म्हणून एक जास्तीची द्यावी असं मनात आलं होतं, पण नाही दिली. बघा, मी किती जबाबदारीने वागतो.
टेकडीवर आज रोपवेने नेलं. नवसात ‘चढेल’ म्हटलं होतं, कशाने ते ठरलं नव्हतं.
सौ. फायलीतला कागद काढून चष्मा न लावता डोळ्याशी धरून वाचत बसली होती. तिचं हिंदी कच्चं. हाथ काँपना, उलटी, दस्त, असं बोटाने एकेक शब्द लावत होती. मी कागद हळूच काढून घेतला. म्हणाली, अहो, ह्यातले तीन झाले. मी म्हणालो, सरासरी काढायची नसते, प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. ती देवापुढे जाऊन बसली ती जेवणापर्यंत उठली नाही.

६ एप्रिल. रामनवमी. आठवा दिवस. सायंकाळी ६.
कन्यापूजन झालं. गल्लीतल्या नऊ मुली, पुरी, हलवा, चणे. त्यांच्यासाठी मीठ शेजारून आणलं. सील तोडलं नाही. अनन्या पाय धुवायला पाट मांडत होती, पाटावरच अडखळली. उठताना भिंत धरून उठली. चिऊ नावाची चार वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, दीदी ऐसे क्यों चल रही है? मुली हसल्या. अनन्याही हसली, पण अर्धं मिनिट उशिरा.
सौ.ने पारण्याचं ताट वाढून आणलं. वरणभात, लिंबू. वरणात शेजारचं उरलेलं मीठ होतं, मला रिकाम्या वाटीवरून कळलं. मी ताट अडवलं. नऊ म्हणजे नऊ. आठ देऊन नऊची पावती फाडणाऱ्यांना मी आयुष्यभर दंड केला, आता घरातच सूट देऊ? चोवीस तासांचा तर प्रश्न.
सौ. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. तुमचा देव तराजूत बसलाय, असं काहीतरी. मी अनन्याकडे बघितलं. तिने ताट दोन बोटांनी मागे सारलं. आजीला म्हणाली, उद्या खाईन आईसाहेब, एकच तो दिवस आहे. शब्द जरा चिकटून येत होते. झोप झाली नसेल.
उद्याचा दिवस गेला की सगळं ठीक. ८ला तपासणी. सूनबाईला सविस्तर पत्र. चिंतामणीला माफ करायचं. गोळीच्या कंपनीचं पत्रही पुरं करायचं.

७ एप्रिल, सोमवार. नववा दिवस. सकाळी ८.
गोळी दिली. गिळायला वेळ लागला. पाणी हनुवटीवरून सांडलं.

८.४०.
टेकडीला निघायचं म्हणून हाक मारली. उठत नाही. उठवली तर माझ्याकडे बघून संग्राम म्हणाली. तिच्या बापाचं नाव, नुसतं नाव. पाय आपोआप झटके घेतात.

९ एप्रिल, बुधवार. इंदूर.
लिहायला हात होत नाही, पण न लिहिलं तर वेड लागेल.
परवा सौ. अनवाणी चिंतामणीच्या दुकानापर्यंत धावली. त्याने गाडी काढली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने, सबंध रस्ता. अनन्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे, पण बघत नव्हते.
रक्तात लिथियम दोन पूर्णांक आठ. फेब्रुवारीत शून्य पूर्णांक आठ होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंड मिठाऐवजी लिथियमलाच धरून बसलं. मीठ मिळालं नाही, पाणी कमी, वरून ती गुडघ्याची गोळी. गोळी रोज तेवढीच दिलीत आपण, पण शरीरात ती रोज वाढत गेली. डायलिसिस चालू आहे, दोन वेळा झालं.
मी म्हणालो, माझ्या तक्त्यात एकही चूक नाही. त्यांनी तक्ता घेतला, उलटून बघितला, परत दिला. मग विचारलं, त्रास कधी सुरू झाला, कोणत्या दिवशी काय काय, कुणी टिपून ठेवलंय? सौ.ने माझ्या पिशवीतून ही डायरी काढून दिली. मी नको म्हणेपर्यंत दिलीच.
डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा म्हणाल्या, हिंदीत, तारखेनुसार, अंदाजाने नको. समोर सौ., संग्राम, आणि बडोद्याहून रात्रीचा प्रवास करून आलेली सूनबाई. मी २५ मार्चपासून वाचायला लागलो. कचोऱ्या गाळायचा विचार केला होता, पण सौ. शेजारी बसून ओळीवर बोट ठेवून होती. मराठी तिला वाचता येतं. ‘सरासरी काढायची नसते’ इथे माझा आवाज गेला. पुढचं संग्रामने माझ्या हातातून घेऊन वाचलं. अडखळत वाचलं त्याने. मराठी त्याचं शाळेत सुटलं, मीच इंग्रजी शाळेत घातलं होतं.
सूनबाईने फक्त विचारलं, कागद फ्रीजवरून का काढला.

११ एप्रिल, शुक्रवार.
अनन्याने डोळे उघडले. मला आत सोडत नव्हते. तिनेच नाव घेतलं म्हणून पाच मिनिटं. हात धरला तर हात हलतो आहे, थांबत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाताचा कंप आणि जीभ किती सुधारेल ते आज सांगता येत नाही, काही मुलांचं राहून जातं.
बोलली ते नीट कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. आबासाहेब, मी शेवसुद्धा नाही खाल्ली. एकदा पण नाही.
मी हो म्हणालो. बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो. एक वॉर्डबॉय पाणी देऊन गेला.

१६ एप्रिल, बुधवार. देवास. सकाळी १०.
आज तिला साधं जेवण सुरू करायचं, म्हणून सौ. आणि मी घरी आलो, खिचडी न्यायची आहे. गोळ्यांची डबी आता सूनबाईकडे. पुढे ह्या गोळ्या चालू ठेवायच्या की बदलायच्या ते डॉक्टर ठरवतील, मी नाही, असं संग्रामने शांतपणे सांगितलं. तो इतका शांत कधी बोलत नाही.
फडताळ उघडलं. चौतीस वर्षं मी सीलं तपासली. प्रत्येक वेळी मनात एकच इच्छा, की ती शाबूत असावीत. आज देवाशप्पथ वाटलं की ह्या बरणीचं तुटलेलं असावं. कुणीतरी, एखाद्या दुपारी, माझी पाठ फिरल्यावर, चिमूटभर काढलेलं असावं. सौ.ने, नाहीतर पोरीने. उजेडात नेऊन बघितलं. तार जशीच्या तशी. शिक्का स्वच्छ, तारीख २९ मार्च.
पक्कड सापडली नाही. तार दातांनी तोडली. ओठाला लागली थोडी.
सौ.ने बरणी माझ्या हातातून घेतली. किती घालू म्हणून विचारलं नाही. रोज घालायची तसं दोन बोटांनी उचलून पातेल्यात टाकलं, झाकण ठेवलं. खिचडी अकरापर्यंत होईल म्हणाली, बाराची बस मिळेल.